भांडं निवडायचं ते आषाढ धरून

कर्जतजवळच्या कडावच्या घरी मी पहिल्यांदा कोंबड्या आणल्या तेव्हा खुराड्याआधी खाद्याचं भांडं विकत घेतलं होतं. लाल-पिवळं प्लॅस्टिकचं, वर झाकण, पोटात आठ-नऊ किलो माल मावेल असं. एकदा भरलं की आठवडाभर बघायला नको, हा हिशेब. आषाढात एका सकाळी ते उचललं तर खालचा थर तसाच राहिला, वरचा ताटलीसारखा सुटून आला. मध्ये निळसर-हिरवी लोकर. पलीकडच्या ठाकूरवाडीतल्या मावशी कुंपणाशी उभ्या होत्या. म्हणाल्या, "एवढं भरलंत ते काय, उंदरांचं बारसं होतं?"

कर्जत-खालापुरात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, आणि त्यातला बहुतेक चार महिन्यांत. बाहेर विकत मिळणारी भांडी बनवताना हे कुणी धरलेलं नसतं. म्हणून दुकानात जायच्या आधी घरी थोडं काम करावं लागतं. खाली दिलेली कृती आठ ते पंधरा कोंबड्यांच्या परसदारासाठी आहे. पन्नासाच्या वर गेलात तर तो धंदा झाला, त्याचं गणित वेगळं.

लागणारं साहित्य: स्वयंपाकघरातला वजनकाटा, मोजपट्टी, एक जुनी परात, गज दोन-गज साखळी, एक लोखंडी आकडा, आणि आठवडाभराचा धीर.

आधी तोंडं मोजा

कोंबड्या किती आणि कसल्या, हे कागदावर लिहा. अंड्यावरची मोठी कोंबडी बंद जागेत असेल तर दिवसाला १०० ते १२० ग्रॅम खाते. आपल्या गावठी कोंबड्या तेवढं खात नाहीत. दिवसभर परडं उकरतात, शेणखताच्या ढिगातून किडे, वाळवी, गवताचं बी काढतात. गिरिराज किंवा वनराज आणल्या असतील तर त्यांचं अंग मोठं, भूकही मोठी. गिरिराज बंगळुरूच्या कृषी विद्यापीठाची आणि वनराज हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संस्थेची. परसदारासाठीच काढलेल्या जाती आहेत, पण गावठीच्या हिशेबाने खाद्य टाकलंत तर अंड्यावर परिणाम दिसेल.

तुमच्या कोंबड्या नक्की किती खातात हे पुस्तकात सापडणार नाही, ते काट्यावर सापडेल. सात दिवस सकाळी एक किलो मोजून घाला आणि तिन्हीसांजेला उरलेलं परत मोजा. सांडलेलंही गोळा करून वेगळं मोजा. हा दुसरा आकडा जपून ठेवा, पुढे कामाला येईल. जोडीला रात्री खुराड्यात गेलेल्या दोन-तीन कोंबड्या उचलून गळ्याखालची पिशवी चाचपा. भरलेली, घट्ट पण कणकेसारखी दबणारी लागली तर पोट भरलं. रिकामी लोंबत असेल तर कमी पडलं, किंवा त्या कोंबडीला कुणी भांड्याशी येऊ देत नाही.

बारा गावठी कोंबड्या माझ्याकडे पावसाळ्यात साधारण ९०० ग्रॅम खातात आणि भात कापल्यावर त्याच्या निम्म्याने. म्हणजे एका दिवसाचं भांडं किलोभराचं हवं. दुकानदार आठ किलोचं दाखवेल. घेऊ नका.

मग खाद्य ठरवा, भांडं त्याच्यामागून

इथे माणसं नेमकी उलटं करतात. आधी भांडं येतं, मग त्यात जे जाईल ते कोंबडीच्या नशिबी.

आपल्याकडे हाताशी असतं ते भाताचं. कर्जतच्या राजनाला कालव्यामुळे कितीतरी गावांत उन्हाळी भातही होतो, त्यामुळे गिरणीतून कणी आणि कोंडा वर्षातून दोनदा ताजा मिळतो. कर्जतचं कृषी संशोधन केंद्र तर भातासाठीच ओळखलं जातं, कर्जत-३, कर्जत-७ अशी वाणांची नावंच गावावरून आहेत. कणी म्हणजे तुटका तांदूळ. ती वाहती असते, कुठल्याही भांड्यातून खाली उतरते. कोंड्याचं तसं नाही. कोंड्यात तेल असतं आणि गिरणीतून बाहेर पडल्यापासून ते खवट व्हायला लागतं. दमट हवेत थोड्या दिवसांत वास बदलतो. शिवाय कोंडा गोळा होतो, चिकटतो. त्याला उघडं, उथळ भांडं हवं. आणि गिरणीवाल्याने कोंडा म्हणून तूस मिसळून दिलं नाही ना, हे चिमूट तळहातावर चोळून बघा. तूस टोचतं. त्याने पोट भरतं, अंग भरत नाही.

विकतचं खाद्य दोन रूपांत मिळतं, भरडा आणि गोळी. गोळी घरंगळते, भरडा अडतो. उभ्या नळकांड्यासारखं भांडं घ्यायचं असेल तर गोळीच घाला. भरडा घालायचा असेल तर पसरट भांडं, नाहीतर दिवसातून दोनदा भांड्याला थाप मारायची तयारी ठेवा. उरलासुरला भात, भाजीचे देठ असलं ओलं खाणं कुठल्याही फीडरात टाकू नका. ते जुन्या ताटलीत द्या आणि अर्ध्या तासाने ताटली उचला.

शिंपल्यांचा चुरा खाद्यात कालवायची गरज नाही. नारळाची एक करवंटी खुराड्याच्या खांबाला ठोकून त्यात वेगळा ठेवा. अंड्यावर असलेली कोंबडी आपली आपण टिपते, तलंग, म्हणजे अजून अंड्यावर न आलेली कोंबडी, आणि कोंबडा तिकडे फारसे फिरकत नाहीत. अंड्यावरच्या कोंबड्यांचं तयार खाद्य पिलांच्या तोंडी लागू देऊ नका. त्यातल्या चुन्याचा भार पिलांच्या मूत्रपिंडाला सोसत नाही.

कडेची लांबी काढा

भांड्यात किती मावतं यापेक्षा त्याच्या कडेला किती जणी उभ्या राहतात हे महत्त्वाचं. सरळ पन्हळीसारखं भांडं असेल तर मोठ्या कोंबडीला १० ते १२ सेंटिमीटर कड लागते. पन्हळीच्या दोन्ही बाजूंनी खाता येत असेल तर दोन्ही कडा मोजायच्या: दोन फुटांची पन्हळ म्हणजे चार फूट कड, दहा-बारा कोंबड्यांची सोय. गोल भांड्याला एवढी लागत नाही, कारण बाहेरच्या बाजूला अंगाला जागा मिळते. चार-पाच सेंटिमीटर पुरतात. ३८ सेंटिमीटर व्यासाची परात घेतली तर घेर जवळजवळ १२० सेंटिमीटर. बारा जणींना ऐसपैस.

पण गणित जमलं म्हणून सगळ्या जेवल्या असं होत नाही. कोंबड्यांत कोण कुणाला टोचतं याची उतरंड पक्की असते. थोर्लीफ श्येल्डरुप-एब्बे नावाच्या एका नॉर्वेजियन माणसाने लहानपणापासून कोंबड्या न्याहाळून ही उतरंड १९२१च्या सुमारास शास्त्रात मांडली. आपल्याकडच्या आज्यांना ती त्याआधीपासून माहीत असणार, फक्त त्यांनी कागदावर लिहिली नाही. माझ्याकडे एक मानेवर पिसं नसलेली कोंबडी आहे. ती परातीच्या मधोमध चोच घालून उभी राहते आणि दोन तलंगा लांबून तिच्याकडे बघत बसतात. यावर मोठं भांडं हा उपाय नाही. दोन लहान भांडी, एकमेकांपासून सात-आठ फुटांवर, मध्ये काहीतरी आडोसा. एकाच वेळी दोन्हीवर राज्य करणं थोरलीला जमत नाही.

आता प्रकार निवडा

बाजारात आणि लोकांच्या परसात मिळून चारच प्रकार दिसतात.

पन्हळ. फळ्यांची, पत्र्याची किंवा पाइप उभा चिरून केलेली. भरडा, कोंडा, कणी, सगळं चालतं, धुवायला सोपी. दुखणं एकच: कोंबड्या तिच्यात उभ्या राहून उकरतात आणि तिथेच घाण करतात. विष्ठा खाद्यात गेली की रक्ती हगवणीला दार उघडलं. म्हणून पन्हळीच्या वर मध्यभागी एक गोल फिरती दांडी बसवा. तिच्यावर पाय ठेवला की ती गरकन फिरते, कोंबडी खाली. दोन दिवसांत नाद सोडतात.

टांगतं गोल भांडं. माझं मत याला. जमिनीपासून सुटं राहतं, ओल चढत नाही, उंची बदलता येते, रात्री आकड्यावरून काढून आत नेता येतं.

पाइप. चार इंची पाइप उभा बांधायचा, खाली कोपर, वरून खाद्य ओतायचं. व्हिडिओ बघून शनिवार-रविवारच्या बंगलेवाल्यांनी खालापूर-चौकच्या पट्ट्यात हे बरेच लावलेले दिसतात. तीन फुटी पाइपात साडेचार किलोच्या आसपास भरडा बसतो, भिंतीला जागा खात नाही, दिसायला नीटनेटकं. कोरड्या मुलखात चालत असेल. इथे जुलैत त्याचा कोपर हाच गळफास ठरतो. पागोळ्यांचे शिंतोडे तोंडातून आत जातात, कोपरातला भरडा पिठल्यासारखा बसतो, कोंबड्या वरवरचं टिपतात, आणि आपण वरून नवीन ओतत राहतो. जुन्यावर नवं. तळाशी काय चाललंय ते पाइप काढल्याशिवाय कळत नाही. लावायचाच असेल तर फक्त गोळी किंवा कणी, वर घट्ट टोपण, कोपराच्या तळाला पाणी निथळायला बारीक भोकं, आणि दर तिसऱ्या दिवशी पूर्ण रिकामा करून काठीला फडकं बांधून आतून पुसणं. एवढं करणार असाल तर परात काय वाईट होती?

पायपट्टीचं भांडं. कोंबडी पट्टीवर उभी राहिली की झाकण उघडतं. उंदीर-चिमण्यांपासून खाद्य वाचतं, हे खरं. पण ही भांडी बहुधा वजनदार जातींसाठी बेतलेली असतात. आपली गावठी कोंबडी सव्वा-दीड किलोची, तिच्या भाराने झाकण अर्धंच उघडतं आणि मग ती भिते. पिलं असतील तर याच्या वाटेला जाऊ नका, झाकण मानेवर पडू शकतं.

घरच्या घरी टांगतं भांडं

तेलाचा पाच लिटरचा प्लॅस्टिक कॅन घ्या. रंगाची बादली नको, कितीही घासली तरी कडेला रंग राहतो. कॅन आतून साबणाने, मग गरम पाण्याने धुऊन उन्हात दोन दिवस वाळवा. तेलाचा अंश राहिला तर खाद्य भिंतीला चिकटतं. वरचा भाग कापून तोंड मोठं करा, कापलेली धार मेणबत्तीवर हलकी फिरवून बोथट करा. बुडाशी कडेकडेने चार भोकं पाडा, सव्वा इंचाची. भरड्याला याहून लहान भोक पुरत नाही, कणीला मोठं भोक नको, एकदम सगळी बाहेर येते.

कॅन परातीच्या मधोमध नट-बोल्टने बसवायचा. त्याच्या आत तळाला एक स्टीलची वाटी पालथी ठेवून तिच्यातूनच बोल्ट घ्या. वाटीच्या उतारावरून खाद्य भोकांकडे सरकतं, मध्ये साचत नाही. परातीची कड पाच-सहा सेंटिमीटर उंच असावी आणि जमल्यास आत वळलेली. कोंबडी नुसती टिपत नाही. चोच घालते आणि मान झटकून आडवी फेकते, आवडता दाणा शोधते. आत वळलेली कड तो झटका अडवते.

कॅनच्या वरच्या कडेला सारख्या अंतरावर तीन भोकं पाडून तारा ओवा, तारा वर एकत्र करून साखळीला. दोरी वापरू नका. दोरीची गाठ भिजली की सुटत नाही, साखळी मात्र आकड्यावर एकेक कडी वर-खाली घेता येते. वर एक जुनी थाळी टोपीसारखी बसवा, तिच्यावर कोंबडी बसू शकणार नाही इतकी उतरती.

उंची आणि भर

परातीची कड कोंबडीच्या पाठीच्या रेषेत यायला हवी. उभ्या कोंबडीशेजारी हात आडवा धरून बघा. खाली असेल तर उकरतात, फार वर असेल तर तलंगांना पोचत नाही. वेगवेगळ्या वयाच्या असतील तर सगळ्यात लहान कोंबडीच्या पाठीला धरा, मोठ्या थोड्या वाकतील.

भर एक-तृतीयांशाच्या वर नको. कुक्कुटपालनाच्या पुस्तकांत एक जुना ठोकताळा दिलेला असतो: भांडं काठोकाठ भरलं तर सुमारे ३० टक्के खाद्य सांडतं, दोन-तृतीयांश भरलं तर १० टक्के, निम्मं भरलं तर ३, एक-तृतीयांश भरलं तर १. आता तो आठवडाभर मोजून ठेवलेला सांडीचा आकडा काढा. बारा कोंबड्यांच्या किलोभर खाद्यातलं रोज १०० ग्रॅम जमिनीवर जात असेल तर महिन्याला तीन किलो झाले. सांडलेलं कोंबड्या नंतर टिपतातच, असं म्हणणारे भेटतात. उन्हाळ्यात टिपतात. पावसाळ्यात ते चिखलात रुततं आणि रात्री घुशीला आमंत्रण जातं.

जागा

पावसाळी वारा इथे नैर्ऋत्य-पश्चिमेकडून येतो. खुराडं किंवा पडवी यांच्या उलट्या अंगाला, ईशान्येकडे, भांडं टांगा. पागोळीपासून किमान हात-दीड हात आत. झड कुठवर येते हे अंदाजाने ठरवू नका. पहिल्या मोठ्या पावसात त्या जागी एक वर्तमानपत्र पसरा आणि तासाभराने किती भिजलं ते पाहा. पाण्याचं भांडं खाद्याशेजारी नको, चार-पाच फूट लांब ठेवा. कोंबडी तोंडात भरडा घेऊन पाणी प्यायला जाते आणि परत येऊन ओली चोच खाद्यात घालते.

आणि छपराखाली का, याला पावसाशिवाय आणखी एक कारण आहे. उघड्यावरच्या परातीवर कावळे, साळुंक्या, बगळे येतात. २००६ मध्ये नंदुरबारच्या नवापूरला देशातली पहिली बर्ड फ्लूची साथ आली तेव्हा लाखो कोंबड्या माराव्या लागल्या. रानपाखरांची विष्ठा आपल्या खाद्यात पडू नये एवढी काळजी परसदारातही घेता येते. एकाएकी तीन-चार कोंबड्या मेल्या तर पुरून मोकळं होऊ नका, पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा.

मुंग्यांसाठी साखळीच्या मध्यावर एक लहान वाटी भोक पाडून, मेणाने बसवून, पाण्याने भरलेली ठेवा. मुंगी पाणी ओलांडत नाही. विषारी खडूची रेघ भांड्याच्या आसपासही नको.

संध्याकाळचं काम

कोंबड्या खुराड्यात चढल्या की भांडं आकड्यावरून काढून घरात. एक दिवसही चुकवू नका. उंदीर आला की त्याच्यामागून धामण येते, नाग, घोणसही फिरकतात, आणि उंदराच्या लघवीतून लेप्टोची भीती आहेच. खाद्याचं पोतं जमिनीला टेकवून ठेवू नका. झाकणाचा पत्र्याचा डबा, त्याखाली दोन विटा. पावसाळ्यात पंधरा दिवसांपुरतंच खाद्य आणा.

रोज सकाळी भरण्याआधी मुठीची परीक्षा. मूठभर खाद्य घट्ट दाबा आणि बोटं उघडा. भुगा झाला तर ठीक. लाडू तसाच राहिला तर ओल आहे, उन्हात पसरा. कुबट वास आला किंवा रंग दिसला तर वाळवून, भाजून, उकळून काही उपयोग नाही. बुरशीचं अफ्लाटॉक्सिन घरच्या आचेने जात नाही. १९६० मध्ये इंग्लंडात एक लाखाच्या आसपास टर्की पक्षी पटापट मेले. कारण निघालं ब्राझीलहून आलेली बुरशी लागलेली शेंगदाण्याची पेंड. अफ्लाटॉक्सिनची ओळख जगाला तिथून झाली. असं खाद्य खड्ड्यात पुरा. म्हशीपुढेही टाकू नका.

आठवड्यातून एकदा परात-कॅन सोडवून घासायचं आणि पूर्ण कोरडं झाल्यावरच जोडायचं. पावसाळ्यात कोरडं होत नाही, म्हणून परातींची जोडी ठेवा. एक चुलीशेजारी वाळते, एक कामावर.

शनिवार-रविवारी येणाऱ्यांसाठी

पाच दिवस कुणीच नसेल आणि भांड्याच्या भरवशावर कोंबड्या ठेवायच्या असतील, तर ठेवू नका. शेजारी रोज येणारं माणूस बघा, त्याला मोबदला द्या, आणि रविवारी परतताना प्रत्येक दिवसाचं खाद्य वेगवेगळ्या पिशवीत मोजून डब्यात ठेवा. एक दिवस, एक पिशवी. मग अंदाजाचा वाद होत नाही, आणि शुक्रवारी किती पिशव्या उरल्या यावरून कोंबड्यांच्या भुकेची बातमीही मिळते.

पिलं आणि खुडूक

पहिले तीन-चार दिवस पिलांना भांडंच नको, अंड्यांचा पुठ्ठ्याचा ट्रे पुरे. पुढे मोठ्या कोंबड्यांनी त्यांचं खाऊ नये म्हणून बांबूचं डालगं पालथं घालून तीन बाजूंनी विटांवर तीन इंच उचला आणि पिलांचं खाद्य आत ठेवा. पिलं सुळकन आत जातात, आई बाहेरून चरफडत फेऱ्या मारते. खुडूक कोंबडी दिवसातून एकदाच, तीही घाईत, अंड्यांवरून उठते. तिच्यासाठी वाटीभर कणी आणि पाणी खुराड्याच्या दाराशी ठेवा. रांगेत उभं राहायला तिला वेळ नसतो.

नवीन भांडं लावताना

जुनं लगेच काढू नका. कोंबड्या नव्या वस्तूला बिचकतात. दोन दिवस दोन्ही शेजारी, जुन्यात कमी, नव्यात वर थोडी कणी भुरभुरून. तिसऱ्या दिवशी जुनं काढा. त्यानंतर आठवडाभर पुन्हा काटा काढून सांड मोजा. आधीच्या निम्म्याने उतरली नसेल तर बहुधा उंची चुकली आहे, साखळी एक कडी वर घ्या.

उन्हाळ्यात, पारा चाळिशी ओलांडतो त्या दिवसांत, दुपारी खाद्य घालून उपयोग नाही. कोंबड्या चोच उघडून सावलीत बसतात. पहाटे आणि ऊन उतरल्यावर, दोन वेळा विभागून घाला.

आणि दसऱ्यानंतर भात कापून झोडणी सुरू झाली की परात संध्याकाळी भरलेलीच परत येते. घाबरून दवाखान्यात जाऊ नका. सगळ्या जणी शेजारच्या खळ्यावर असतात. तेवढे दिवस सकाळचं माप निम्मं करा, आणि शेजाऱ्याच्या घरी चार अंडी पाठवा.